तेरा तास त्रेपन्न मिनिटं: विमानतळांमधलं अंतर आणि वेळ सांगणाऱ्या एका वेबसाइटचा अनुभव

ज्यांना दोन विमानतळांमधलं फक्त अंतर हवंय, त्यांनी ही वेबसाइट बिनधास्त वापरावी. ज्यांना वेळ हवीय, आणि त्या वेळेवर कुणाचं औषध, कुणाचा श्वास किंवा पुढचं विमान अवलंबून आहे, त्यांनी आधी हे वाचावं. वेबसाइटचं नाव मी मुद्दाम देत नाही. असाच हिशोब करणाऱ्या आणखी काही मी नंतर तपासल्या आणि दोष एकीचा नाही हे लक्षात आलं.

माझ्या बाबांना सीओपीडी, म्हणजे श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. घरी त्यांचं ऑक्सिजनचं मशीन १ नंबरवर चालतं. लॉस एंजेलिसहून सिडनीला, माझ्या धाकट्या बहिणीकडे, त्यांना घेऊन जायचं होतं. विमानाच्या केबिनमधली हवा जमिनीवरच्यासारखी नसते. नियमाप्रमाणे केबिनमधला दाब जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका विरळ होऊ शकतो, आणि नव्या ७८७ किंवा ए३५० विमानांतही तो साधारण ६,००० फुटांचा असतो. म्हणून डॉक्टरांनी विमानात मशीन २ नंबरवर ठेवायला सांगितलं. २ नंबरवर आमची मोठी बॅटरी ७ तास चालते, असं तिच्या माहितीपत्रकात लिहिलं आहे. सीटजवळच्या सॉकेटच्या भरवशावर राहू नका, हे विमान कंपन्या आधीच बजावतात. मग प्रश्न एकच उरतो: बॅटऱ्या किती?

बऱ्याच विमान कंपन्यांचा नियम असा, की प्रवासाच्या वेळेच्या दीडपट पुरतील इतक्या बॅटऱ्या सोबत हव्यात. उशीर झाला, विमान दुसरीकडे उतरवावं लागलं, आकाशात घिरट्या घालाव्या लागल्या, तर त्यासाठी ती वरची अर्धी पट. म्हणजे वेळेचा आकडा चुकला की चूक दीडपट होते.

मी या वेबसाइटवर दोन्ही विमानतळ टाकले. उत्तर क्षणात आलं. अंतर १२,०५१ किलोमीटर, ७,४८८ मैल, ६,५०७ नॉटिकल मैल. वेळ १३ तास ५३ मिनिटं. दीडपट केली, २० तास ५० मिनिटं झाली. तीन बॅटऱ्या म्हणजे २१ तास. दहा मिनिटं वर उरली, मी निश्चिंत झाले आणि त्या रात्री छान झोपले.

निघायच्या तीन दिवस आधी विमान कंपनीच्या वैद्यकीय विभागातून फोन आला. बाईंनी शांतपणे विचारलं, "बॅटऱ्या एकूण किती तासांच्या आहेत?" मी म्हटलं एकवीस. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळापत्रकात हा प्रवास १५ तासांचा आहे. साडेबावीस लागतील." चौथी बॅटरी भाड्याने मिळेपर्यंत दीड दिवस गेला. त्या दीड दिवसात बाबा दोनदा म्हणाले, "राहू दे, नको जायला." ते वाक्य मला अजून टोचतं. म्हणून परत आल्यावर मी या वेबसाइटचा हिशोब शेवटपर्यंत सोडवायचं ठरवलं.

आधी जे चांगलं आहे ते सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. अंतराचा आकडा पक्का आहे. पृथ्वी हा ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नेमका गोल मानून मी स्वतः गणित केलं, तेव्हा उत्तर १२,०६१ आलं. दहा किलोमीटर जास्त. पण पृथ्वी नेमका गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटरच्या वर आहे, ध्रुवांकडे ६,३५७ च्या आत. हा चपटेपणा धरणारं डब्ल्यूजीएस ८४ हे मानक जीपीएससुद्धा वापरतं. या वेबसाइटने तेच धरलंय, म्हणून तिचा आकडा दहा किलोमीटरने कमी, आणि बरोबर. ज्या वेबसाइटी गोल धरून मोजतात त्यांचा फरक जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. तोही प्रवाशाला चालण्यासारखा आहे, पण इथे तेवढीही तडजोड नाही.

नकाशाही चांगला काढतात. सपाट नकाशावर सरळ रेघ न ओढता गोलावरची सर्वांत जवळची वाट, म्हणजे ग्रेट सर्कल, काढतात. पृथ्वीच्या गोळ्यावर दोन टाचण्यांमध्ये दोरा ताणून धरा, तो जिथून जाईल ती वाट. तो नकाशा पाहताना मला एक सुंदर गोष्ट सापडली. लॉस एंजेलिसचा विमानतळ उत्तरेला ३३.९४ अंशांवर आहे आणि सिडनीचा दक्षिणेला ३३.९५ अंशांवर. जणू विषुववृत्ताच्या आरशात एकाचं प्रतिबिंब दुसरा. त्यामुळे ही वाट विषुववृत्त बरोबर मध्यावर ओलांडते. बाबांना हे दाखवलं तेव्हा त्यांनी मशीनची नळी सावरत नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे इथे आलो की अर्धं झालं." प्रवासात त्यांनी त्याच जागेची वाट पाहिली. एवढ्यासाठी तरी या वेबसाइटचे मी आभार मानते.

आता वेळ. १३ तास ५३ मिनिटं हा आकडा आला कुठून, हे वेबसाइटवर कुठेही लिहिलेलं नाही. मग मी एक अगदी जवळचा मार्ग टाकला: लंडन हीथ्रो ते पॅरिस शार्ल द गोल. अंतर ३४८ किलोमीटर, वेळ ५३ मिनिटं. दोन्ही मार्ग शेजारी ठेवले. अंतरातला फरक ११,७०३ किलोमीटर, वेळेतला फरक बरोबर १३ तास. भागाकार केला, ताशी ९०० किलोमीटर. आणि ३४८ किलोमीटरना ९०० च्या वेगाने लागतात २३ मिनिटं, म्हणजे वरची राहिली ३०. हिशोब उघडा पडला. अंतर भागिले ९००, अधिक अर्धा तास. बास. कुठलाही मार्ग टाका, कुठल्याही दिशेने, कुठल्याही महिन्यात, याच सूत्रातून उत्तर येतं. आणखी पाच-सहा जोड्या टाकून पाहिल्या, एकदाही चुकलं नाही.

९०० हा आकडा हवेतून ओढलेला नाही, हेही सांगायला हवं. लांबच्या पल्ल्याची मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जातात, आणि त्या उंचीवरच्या थंडीत तो वेग ताशी ९०० किलोमीटरच्या थोडा वर भरतो. पण हा वेग हवेच्या तुलनेतला आहे, जमिनीच्या नाही. हवा स्वतःच समोरून येत असेल तर तेवढा वेग वजा होतो. आम्ही जुलैमध्ये गेलो. तेव्हा दक्षिण गोलार्धात हिवाळा, आणि ऑस्ट्रेलिया व दक्षिण पॅसिफिकवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह जोरात असतो. आम्ही पश्चिमेकडे निघालेलो. म्हणजे वारा तोंडावर. हे त्या ९०० मध्ये कुठे आहे?

मी वहीत सगळ्या वेळा टिपल्या होत्या, बॅटऱ्यांसाठी. गेटपासून विमान मागे ढकललं तेव्हा रात्रीचे १०:४१ झाले होते. धावपट्टीच्या रांगेतून पुढे सरकत सरकत प्रत्यक्ष उड्डाण ११:०९ ला. म्हणजे वेबसाइटने वर धरलेल्या अर्ध्या तासातली २८ मिनिटं जमिनीवरच संपली. हवेत १४ तास २२ मिनिटं. उतरल्यावर गेटला लागायला १२ मिनिटं. गेट ते गेट १५ तास २ मिनिटं. वेळापत्रकातले १५ तास किती विचारपूर्वक लिहिलेले असतात हे तेव्हा कळलं. विमान कंपन्या याला ब्लॉक टाइम म्हणतात: चाकांखालची ठोकळी काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा काळ. त्यात धावपट्टीची रांग आणि त्या ऋतूतला वारा आधीच धरलेला असतो.

पण आमच्यासारख्यांसाठी तोही आकडा पुरेसा नाही. आम्हाला लागतो सॉकेट ते सॉकेट. व्हीलचेअरवाल्यांना आधी आत घेतात, म्हणून टर्मिनलमधल्या सॉकेटमधून मशीन रात्री ९:५० ला काढलं. सिडनीला उतरताना मात्र व्हीलचेअरवाले सगळ्यांत शेवटी. पुन्हा भिंतीतला सॉकेट मिळाला तेव्हा तिथले सकाळचे ७:२५ झाले होते. एकूण १६ तास ३५ मिनिटं. वेबसाइटच्या आकड्यापेक्षा २ तास ४२ मिनिटं जास्त. आणि नवीन असताना ७ तास चालणाऱ्या आमच्या बॅटऱ्या आता सव्वासहा तासांतच लाल दिवा दाखवतात. तिसरी निम्म्याहून अधिक वापरली गेली. चौथी पिशवीतून बाहेर निघाली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण ती पिशवीत आहे म्हणून बाबा त्या रात्री चार तास सलग झोपले. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात टाकता येत नाहीत, केबिनमध्येच न्याव्या लागतात. ती पिशवी मी पायाशी धरून बसले होते.

वेबसाइटची दुसरी चूक मला पहिलीपेक्षा गंभीर वाटते, कारण ती अंदाजाची नाही, सरळ चुकीची आहे. ती दोन शहरांच्या घड्याळांमधला फरक आणि पोहोचण्याची स्थानिक वेळही सांगते. जुलैत सिडनी लॉस एंजेलिसच्या १७ तास पुढे असते. वेबसाइटने दाखवलं: सिडनी ७ तास मागे. घड्याळाचे काटे पाहिले तर दोन्ही सारखंच दिसतं, कारण १७ आणि ७ मिळून २४. पण मधला एक अख्खा दिवस गायब. आंतरराष्ट्रीय वाररेषेचा विचारच केलेला नाही. आम्ही सोमवारी रात्री साडेदहाच्या विमानाने निघणार होतो. वेबसाइट म्हणाली, मंगळवारी पहाटे ५:२३ ला पोहोचाल. खरी वेळ बुधवारी सकाळी साडेसहा. बहिणीने मंगळवारची रजा टाकून ठेवली होती, ती तिला बदलून घ्यावी लागली. तिच्या कामात ते सोपं नव्हतं.

शिवाय पहाटे ५:२३ ही वेळच संशय यावा अशी आहे. सिडनीच्या विमानतळावर रात्री ११ ते सकाळी ६ विमानांच्या ये-जा करण्यावर बंदी असते, आजूबाजूच्या वस्तीची झोप मोडू नये म्हणून. मोजके अपवाद सोडले तर प्रवासी विमानं सहानंतरच उतरतात. लॉस एंजेलिसहून येणारी बरीच विमानं रात्री उशिरा का निघतात, त्याचं एक कारण यातच आहे. वारा मदतीला आला म्हणून विमान फार लवकर पोहोचून उपयोग नसतो. हे बारकावे एखाद्या सूत्राला माहीत असणार नाहीत, मान्य. पण मग पोहोचण्याची वेळ मिनिटांसकट कशाला छापायची? ५:२३ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी नीट मोजलंय. "सुमारे १४ ते १५ तास" एवढंच लिहिलं असतं तर मी पंधरा धरले असते.

त्यात हा फरक वर्षभर १७ नसतो. दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, पण उन्हाळे उलट. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत फरक १९ तासांचा होतो, आणि मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, तसंच ऑक्टोबरमध्ये, १८ तासांचा. वेबसाइटमध्ये तारीख टाकायची जागाच नाही. ज्यांना ठरावीक तासांनी इन्सुलिन घ्यायचं असतं त्यांनी इथल्या घड्याळावर अजिबात विसंबू नये.

नावांचा शोधही सांभाळून करा. "सिडनी" लिहिल्यावर यादीत पहिलं नाव कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या सिडनीचं आलं, विमानतळाची तीन अक्षरं वायक्यूवाय. ऑस्ट्रेलियाचं एसवायडी त्याखाली होतं. सॅन होजेचंही तसंच, एक कॅलिफोर्नियात आणि एक कोस्टा रिकात. शहराचं नाव लिहिण्यापेक्षा तिकिटावरची तीन अक्षरं टाकावीत.

अंतर बरोबर असूनही प्रवास वेगळाच होऊ शकतो, याचं ठळक उदाहरण म्हणजे हेलसिंकी ते टोकियो. २०२२ च्या फेब्रुवारीत युरोपीय कंपन्यांसाठी रशियाचं आकाश बंद झालं. आधी साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास फिनएअरच्या विमानांना १३ तासांच्या घरात गेला, कारण रशियाला वळसा घालावा लागतो. दोन्ही विमानतळ जागच्या जागी, म्हणून वेबसाइटचं अंतर तेच आणि वेळही तीच जुनी. सिंगापूर ते न्यूयॉर्कही टाकून पाहिलं: १५,३४९ किलोमीटर, १७ तास ३३ मिनिटं. वेळापत्रकात या प्रवासाला साडेअठरा तासांहून जास्त दिलेले असतात. दीडपट केली तर बॅटरीच्या हिशोबात दीड तासाहून मोठी तूट.

सगळ्याच वेबसाइटी ९०० धरत नाहीत. एकीने ताशी ५०० मैल आणि अर्धा तास धरलेला दिसला. तिच्यावर आमच्या प्रवासाचं उत्तर जवळजवळ साडेपंधरा तास येतं. म्हणजे अंतर अगदी सारखं, आणि वेळेत दीड तासाहून जास्त फरक. नवखा माणूस कुठल्यावर विश्वास ठेवेल? बॅटरीवाल्यांसाठी मी दुसरीच सुचवेन, निदान आमच्या प्रवासाची वेळ तरी ती वेळापत्रकापेक्षा कमी सांगत नाही.

मी आता काय करते ते सांगते. विमान कंपनीच्या वेळापत्रकातली सुटण्याची आणि पोहोचण्याची, अशा दोन्ही वेळा जागतिक वेळेत बदलते आणि वजाबाकी करते. मग त्याच क्रमांकाचं विमान गेल्या दोन आठवड्यांत प्रत्यक्ष किती वेळात पोहोचलं ते विमानांचा माग ठेवणाऱ्या वेबसाइटवर पाहते, आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा घेते. त्यात चढण्या-उतरण्याचे दोन तास मिळवते. आणि शेवटी विमान कंपनीला विचारते, कारण फॉर्मवर सही त्यांची असते.

वेबसाइटवाल्यांना मी सविस्तर लिहिलं, वहीतल्या वेळांसकट. चार दिवसांनी उत्तर आलं, वेळ "केवळ माहितीसाठी" आहे असं. घड्याळाच्या चुकीबद्दल एक शब्द नाही. मी पुन्हा लिहिलं आहे. माझ्या मागण्या दोनच: वेळेखाली "वारा धरलेला नाही, जमिनीवरची रांग धरलेली नाही" ही एक ओळ छापा, आणि वाररेषा दुरुस्त करा. दोन्हींना फार कष्ट नाहीत.

तूर्त पाचपैकी तीन तारे. अंतर आणि नकाशासाठी पूर्ण पाच दिले असते, वेळेसाठी दोन, आणि तारखेसाठी एकही नाही.

परतीच्या प्रवासाचंही लिहिते, कारण ते न लिहिणं अन्यायाचं होईल. ऑगस्टमध्ये सिडनीहून निघालो. वारा पाठीशी होता. गेट ते गेट १३ तास ३१ मिनिटं लागले, म्हणजे वेबसाइटच्या आकड्याहून २२ मिनिटं कमीच. त्या दिशेला तिचा अंदाज जवळपास जुळला. तारीख मात्र पुन्हा चुकली: तिने दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगितली, आणि आम्ही सकाळी ११:०६ ला निघून त्याच तारखेला सकाळी ७:३७ ला पोहोचलो. बाबांनी मनगटावरचं घड्याळ सिडनीच्याच वेळेवर ठेवलं होतं. उतरल्यावर त्यांनी ते माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "किती उरल्या?" मी पिशवी उघडून दाखवली. एक बॅटरी पूर्ण भरलेली होती.